जम्मू ते श्रीनगर: एकशे चव्वेचाळीस किलोमीटरचा हिशेब

जम्मूहून श्रीनगरला विमानानं किती वेळ लागतो? उन्हाळ्याच्या सुट्टीचं नियोजन सुरू झालं की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरांत हा प्रश्न निघतो. वैष्णोदेवीचं दर्शन घेऊन पुढं काश्मीर करायचं असतं, बरोबर आई-वडील असतात, लहान मुलं असतात, आणि घाटातल्या रस्त्याची धास्ती असते. मग कुणीतरी मोबाइल काढून सांगतं, "पन्नास मिनिटं." लगेच दुसरा म्हणतो, "अंतर तर दीडशे किलोमीटरसुद्धा नाही, पन्नास मिनिटं कशाला लागतील?" तिसऱ्याचा अनुभव असा असतो की सकाळी हॉटेल सोडलं ते दुपारी श्रीनगरला पोचलो. तिघांचंही बरोबर आहे. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो आहे, इतकंच. त्या तीन मोजमापांमधला फरक नीट कळला, तर प्रवासाची आखणी पुष्कळ सोपी होते.

आधी अंतर पाहू. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाचा असतो. नद्या, डोंगर, रस्ते यांचा त्यात विचार नसतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की तो काढता येतो, आणि जम्मू-श्रीनगरची जोडी तर त्यासाठी मुद्दाम निवडावी अशी आहे. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७४.८ अंश पूर्वेला. जम्मूचा अक्षांश ३२.७, श्रीनगरचा ३४. फरक १.३ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. गुणाकार केला की १४४ किलोमीटर येतात. झालं गणित. आपल्याकडचं अहिल्यानगरही याच रेखांशाच्या अगदी जवळ आहे. तिथून नाकासमोर उत्तरेला निघालं तर वाटेत अमृतसर लागेल, मग जम्मू आणि मग श्रीनगर.

श्रीनगर-लेह ही जोडी बरोबर उलटी आहे. दोघांचा अक्षांश जवळपास सारखा, चौतीसच्या थोडा पुढं, आणि रेखांशात पावणेतीन अंशांहून किंचित जास्त फरक. पण इथं १११ नं गुणून चालणार नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत लांब असतात आणि ध्रुवाकडं जाता जाता जवळ येतात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरचा भरतो, दिल्लीला तो ९८ च्या आसपास येतो आणि श्रीनगर-लेहच्या पट्ट्यात ९२ वर. म्हणून श्रीनगर ते लेह हवाई अंतर सुमारे २५५ किलोमीटर. रस्त्यानं हेच अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास जातं, झोजिला खिंड ओलांडावी लागते आणि बहुतेक प्रवासी कारगिलला मुक्काम करतात. नकाशावर जवळ दिसणारी गावं डोंगरात किती लांब असतात, ते या दोन आकड्यांवरून समजतं.

दोन्ही ठिकाणं तिरकी असतील तर उत्तर-दक्षिण फरक आणि पूर्व-पश्चिम फरक वेगवेगळे काढायचे आणि शाळेत शिकलेल्या पायथागोरसला हाक मारायची. हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत हे उत्तर जवळपास अचूक येतं. या रीतीनं दिल्ली-श्रीनगर ६४० किलोमीटर निघतं, दिल्ली-लेह ६२० आणि मुंबई-दिल्ली ११४०. याहून लांब, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या अंतरांना मात्र पृथ्वीचा गोलपणा धरूनच हिशेब करावा लागतो. सपाट नकाशावरची सरळ रेष तिथं दिशाभूल करते.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचं माप सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप मनमानी नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग एका सागरी मैलाइतका येतो. जम्मू-श्रीनगर १.३ अंश, म्हणजे ७८ सागरी मैल. पूर्वी जहाजावरचा खलाशी आणि विमानातला दिशादर्शक नकाशाच्या कडेवरची मापपट्टी पाहून अंतर सांगू शकत असे, ते यामुळं.

आता वेळ. मुंबई-दिल्ली आणि जम्मू-श्रीनगर या दोन्ही मार्गांवर एकाच जातीची विमानं उडतात. एअरबस ए-३२० सारखं विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८३०-८४० किलोमीटर वेगानं जातं. त्या वेगानं १४४ किलोमीटर दहा मिनिटांत संपायला हवेत. वेळापत्रकात मात्र पाऊण तासापासून तासाभरापर्यंत वेळ दिलेला असतो. मुंबई-दिल्लीच्या ११४० किलोमीटरला सव्वादोन तासांच्या आसपास. भागाकार करून पाहा: मुंबई-दिल्लीचा सरासरी वेग ताशी पाचशे किलोमीटर येतो आणि जम्मू-श्रीनगरचा जेमतेम पावणेदोनशे.

याचं पहिलं कारण तिकिटावरच्या वेळेत आहे. तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ म्हणजे विमान धावपट्टीवरून उचललं जाण्याची वेळ नव्हे. चाकांखालचे ठोकळे काढले जातात आणि विमान जागेवरून हलतं, ती ही वेळ. पोचण्याची वेळही तशीच: विमान जागेवर येऊन थांबलं आणि चाकांखाली पुन्हा ठोकळे लागले की प्रवास संपला असं धरतात. या दोन ठोकळ्यांमधला काळ वेळापत्रकात येतो. त्यात ट्रॅक्टरनं विमान मागं ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत चालत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणं हे सगळं धरलेलं असतं. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथं दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते, तिथं केवळ जमिनीवरच्या या फिरण्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. मुंबई-दिल्लीच्या सव्वादोन तासांत विमान प्रत्यक्ष हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास.

दुसरं कारण चढण्या-उतरण्याचं. ३५,००० फूट म्हणजे जवळपास पावणेअकरा किलोमीटर उंची. तिथवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे एक किलोमीटर उंची कमी करायला एकोणीस किलोमीटर पुढं जावं लागतं. पूर्ण उंचीवरून उतरायचं तर सुमारे दोनशे किलोमीटर आधीपासून सुरुवात करावी लागते. दिल्लीहून मुंबईला येताना कानात दडे बसायला लागतात तेव्हा विमान अजून दक्षिण गुजरातवर असतं, ते यामुळं. आता हा हिशेब जम्मू-श्रीनगरला लावा. सगळा मार्गच १४४ किलोमीटरचा! विमान पूर्ण उंची गाठतच नाही, पूर्ण वेगही गाठत नाही. कल्याण ते डोंबिवली स्लो लोकलनं जावं तसं हे आहे. गाडीनं वेग घेतला म्हणेस्तोवर ठाकुर्लीसाठी ब्रेक लागतो.

त्यात इथं मध्ये पीर पंजालची रांग आहे, तिची शिखरं साडेचार हजार मीटरच्या पुढं. ती पुरेशा उंचीवरून ओलांडायची आणि लगेच १,६५५ मीटरवरच्या श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरायचं. समजा डोंगर सहा हजार मीटरवरून ओलांडला, तर सव्वाचार किलोमीटरहून जास्त उंची कमी करायला ऐंशी किलोमीटर लागतील. बनिहालच्या डोंगरापासून श्रीनगरचा विमानतळ सरळ रेषेत त्याहून जवळ आहे. म्हणून विमानाला काश्मीर खोऱ्यात वळसा घेत उतरावं लागतं. खिडकीतून केशराची शेतं, झेलमची वळणं आणि बर्फाचे डोंगर आळीपाळीनं दोन्ही बाजूंना दिसतात, तेव्हा वैमानिक तुम्हाला दृश्य दाखवत नसतो; तो उंची कमी करत असतो.

हा तीन अंशांचा उतार पाहायला काश्मीरला जायची गरज नाही. मुंबईत पश्चिमेचा वारा असतो तेव्हा, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस, सहार विमानतळावर उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात. विमानं नेहमी वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतात. स्वच्छ हवेच्या संध्याकाळी अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या गच्चीवरून मलंगगडाच्या दिशेनं पाहत राहा. दिवे लावलेलं एक विमान पश्चिमेकडं सरकताना दिसतं, दोन-तीन मिनिटांनी त्याच वाटेवर दुसरं, मग तिसरं. धावपट्टीपासून तीस किलोमीटरवर असलेलं विमान या उतारावर सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असतं. अधूनमधून त्यातलं एखादं रांगेत न जाता मोठं वर्तुळ घेतं. त्या विमानातल्या दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या प्रवासात तेवढ्यात पाच-सात मिनिटांची भर पडलेली असते.

वाऱ्याचा खेळ उंचावर आणखी मोठा होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, जमिनीपासून सुमारे बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा झोतवारा असतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच पळत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. विमान ८४० च्या वेगानं जातंय आणि पाठीशी १५० चा वारा आहे असं धरू: जमिनीवरचा वेग झाला ९९०. परतीला तोच वारा समोरून, वेग उरला ६९०. हजार किलोमीटरला जाताना तासभर, येताना सत्त्याऐंशी मिनिटं. दिल्लीहून गुवाहाटीला लवकर पोचतो आणि परत यायला जास्त वेळ लागतो, त्यामागं हे कारण आहे. मुंबई-दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्यानं तिथं हा फरक कमी जाणवतो. पावसाळ्यात हा झोतवारा हिमालयाच्या पलीकडं सरकतो आणि द्वीपकल्पावर पूर्वेकडून वाहणारा निराळा झोतवारा तयार होतो. तो शोधून काढणारे पी. कोटेश्वरम हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते, ही अभिमानाची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

आकाशातही हद्दी असतात, आणि उत्तरेकडं त्या फार काटेकोर आहेत. जम्मू आणि श्रीनगर हे दोन्ही हवाई दलाचे तळ. प्रवासी वाहतूक तिथं एका भागापुरती चालते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले बत्तीस विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद केले गेले. जम्मू, श्रीनगर, लेह त्यांत होते. १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले. त्याआधी २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. त्यामुळं दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला आणि प्रवासाचा वेळ वाढला. अंतराचं कोष्टक तेच राहिलं, वेळेचं बदललं.

उल्हासनगरला या गोष्टीचं नवल वाटू नये. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढं मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी विमान नेलं. टाटांच्या नियमित हवाई टपालाची ती सुरुवात. कराची-मुंबई सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटर, अहमदाबादवरून हजाराच्या थोडं वर. पंधरा वर्षांनी फाळणी झाली आणि त्याच कराचीतून हजारो सिंधी कुटुंबं आगबोटीनं मुंबईला आली. त्यांतल्या अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बरॅकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आज कराचीला थेट जाणारं विमान नाही. दिल्लीहून कमी अंतरावर असलेलं गाव त्यांच्या नातवंडांना दुबईमार्गे गाठावं लागतं. प्रवासाचा वेळ कधी कधी राजकारण ठरवतं, हे या शहराला तीन पिढ्यांपासून माहीत आहे.

आणि धावपट्टी तर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तीन शहरांच्या कुशीतच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नेवाळी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली आणि तिथं विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन संरक्षण खात्याकडं राहिली. २०१० मध्ये नवी मुंबई विमानतळाची पर्यावरण परवानगी अडली होती, तेव्हा केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेचा विचार करावा असं सुचवलं होतं. तसं झालं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये नवी मुंबईला परवानगी मिळाली. पुढं २२ जून २०१७ रोजी, नौदल या जागेभोवती भिंत बांधत असताना, जमीन परत मिळावी म्हणून नेवाळीचे शेतकरी रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, पोलिसांनी बळाचा वापर केला, माणसं जखमी झाली. त्या शेतकऱ्यांच्या मागणीचा निकाल न्यायानं आणि लवकर लागायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. विमानतळाचं अंतर मोजताना त्याखाली कुणाची शेतं गेली याचाही हिशेब ठेवावा लागतो. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांनाही तो लढा द्यावा लागला आहेच.

इथून पुढचं गणित प्रत्येकानं आपल्या दारापासून करावं. बदलापूर स्टेशनपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत चाळीस किलोमीटर आहे. अंबरनाथहून छत्तीस, उल्हासनगरहून चौतीस. विमानाला हे अंतर तीन मिनिटांचं. आपल्याला? घरून स्टेशनला वीस मिनिटं. कर्जत किंवा बदलापूरच्या फास्ट लोकलनं घाटकोपरला तासभर. तिथून मेट्रो एक पकडून मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला खाली उतरून मेट्रो तीननं पुढचंच स्टेशन, टर्मिनल दोन. बॅगा घेऊन जिने, सरकते जिने, तपासणी धरली तर पाऊण तास. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीनचा हा टप्पा सुरू झाल्यापासून लोकलनं विमानतळ गाठणं खरोखर सोपं झालं आहे, आणि दिवसाच्या विमानासाठी मी हाच मार्ग सुचवेन. पण गर्दीच्या वेळी मोठी बॅग घेऊन बदलापूर लोकलमध्ये चढणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आणि पहाटे सहाच्या विमानासाठी चार वाजता विमानतळावर हजर व्हायचं असेल, तर लोकलही नसते आणि मेट्रोही नसते. मग रात्री अडीचला टॅक्सी, किंवा आदल्या रात्रीच विलेपार्ले-अंधेरीच्या एखाद्या नातेवाइकाकडं मुक्काम.

पुढं चेक-इन काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. सुरक्षेच्या रांगा धरून दोन तास आधी पोचायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान घेतलं तर १६६० किलोमीटरला पावणेतीन तासांच्या आसपास. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी अर्धा तास, दल सरोवराकाठच्या हॉटेलपर्यंत पाऊण तास. बेरीज आठ तासांच्या पुढं गेली, आणि त्यातले हवेतले तास अडीच. म्हणजे विमानानं जाणाऱ्या बदलापूरकराचा दोन तृतीयांश प्रवास जमिनीवर होतो. दिल्लीला जायचं असेल तर आणखी एक पर्याय डोळ्यांसमोर ठेवावा: सीएसएमटीहून निघणारी निजामुद्दीन राजधानी २०१९ पासून कल्याणला थांबते. उल्हासनगरहून कल्याण दोन स्टेशनं. संध्याकाळी बसावं, सतरा तासांच्या आसपास दिल्ली. रात्र झोपेत जाते, सकाळी शहरातच उतरतो. विमानाच्या दारापासून दारापर्यंतच्या सात तासांशी याची तुलना करून मगच ठरवावं.

हे चित्र बदलण्याची ताकद नवी मुंबई विमानतळात आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. बदलापूरपासून तो सरळ रेषेत सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर आहे, सहारपेक्षा तेरा-चौदा किलोमीटर जवळ. अंबरनाथहूनही तो साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवरच. पण मध्ये डोंगर आहे, तळोज्याकडून किंवा कटई-शिळफाट्याच्या कोंडीतून वळसा आहे, आणि तिथंच वेळ जातो. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा जेएनपीटीकडं जाणारा फाटा बदलापूरजवळच्या भोज गावापासून पनवेलच्या मोरबेकडं माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब जुळ्या बोगद्यांतून आखलेला आहे. लोकलनं जाणाऱ्यांसाठी पनवेल-कर्जत हा साडेएकोणतीस किलोमीटरचा उपनगरी मार्ग आखलेला आहे. बदलापूरहून उलट दिशेला कर्जत आणि तिथून पनवेल. मुंबई महानगरात विमानतळाच्या उद्घाटनाला जितकी गर्दी जमते, तितकं लक्ष या बोगद्याकडं आणि या लोकलकडं नसतं. माझ्या मते या तीन शहरांचा विमानप्रवास धावपट्टीपेक्षा याच दोन कामांनी लहान होईल. इथल्या लोकप्रतिनिधींनी मेळाव्यात विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच समजावा: बोगद्यातून विमानतळापर्यंत बस कधी, आणि तिचा थांबा बदलापूर स्टेशनबाहेर कुठं?

आता पुन्हा जम्मू-श्रीनगरकडं. हवेत अंतर १४४ किलोमीटर, वेळापत्रकात पन्नास मिनिटं. त्याच्या आधी जम्मू विमानतळावर दोन तास. तुम्ही कटऱ्याला असाल तर जम्मूपर्यंत खाली उतरायचा वेळ वेगळा. श्रीनगरहून परतताना तर विमानतळाच्या इमारतीच्या बऱ्याच आधी, बाहेरच्या फाटकावर, गाडीतून उतरून सगळं सामान यंत्रातून काढावं लागतं, पुन्हा गाडीत भरावं लागतं आणि आत गेल्यावर आणखी तपासण्या असतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथं तीन तास हाताशी ठेवावेत. रस्ता आता पूर्वीसारखा तीनशे किलोमीटरचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये चेनानी-नाशरी आणि २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंड बोगदा खुला झाला. तरी रामबनजवळ दरड कोसळली की गाड्या तासन् तास अडकतात.

आणि ६ जून २०२५ पासून तिसरा मार्ग खुला झाला: कटरा ते श्रीनगर वंदे भारत. १९० किलोमीटर, तीन तास. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरच्या चिनाब पुलावरून गाडी जाते आणि पीर पंजाल पोटातून ओलांडते. ताशी साठ-पासष्टचा सरासरी वेग म्हणजे विमानापुढं काहीच नाही. तरी कटऱ्यातल्या हॉटेलपासून श्रीनगरच्या हॉटेलपर्यंत हिशेब केला, तर गाडी विमानाच्या बरोबरीनं किंवा आधीच पोचते. वैष्णोदेवीहून काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबाला मी गाडीच सुचवेन. जागा मात्र वेळेत आरक्षित करा.

लेहच्या बाबतीत माझं मत निराळं आहे, आणि ते तब्येतीशी निगडित आहे. दिल्लीहून लेहचं विमान सव्वा ते दीड तासात पोचतं. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा विमान तिथं पहिल्यांदा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या बसलेले होते. ना पक्का नकाशा, ना दिशादर्शक यंत्रं, खाली वाळूत आखलेली पट्टी. आज तिथं रोज विमानं येतात, पण बहुतेक सगळी सकाळी. दुपारी खोऱ्यात वारे सुटतात, आणि ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते. पंखांना आणि इंजिनांना पुरेसा आधार मिळत नाही. विमानं एका बाजूनं उतरतात आणि उलट बाजूनंच उडतात, कारण दुसऱ्या टोकाला डोंगर आहे. ढग आले तर सकाळचं विमान रद्द होतं आणि पुढची संधी दुसऱ्या दिवशी. म्हणून लेहहून परतीच्या दिवशीच दिल्लीहून मुंबईचं वेगळं तिकीट काढू नका. मध्ये एक रात्र दिल्लीत ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट उंचीची. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २३७ मीटरवर, लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर. दीड तासात शरीर तीन हजार मीटर वर गेलेलं असतं आणि त्याला त्याची कल्पनाच नसते. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागणं हे सुरुवातीला होतं. दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून जिवावर बेतू शकतं. बदलापूर-अंबरनाथहून सहलीला जाणारी मंडळी पैसे वसूल करायचे म्हणून पहिल्याच दुपारी खारदुंगला खिंडीकडं निघतात, हे मी ऐकलं की काळजी वाटते. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि तब्येत कितीही ठणठणीत असली, तरी लेहला विमानानं पोचल्यावर पहिले दोन दिवस गावातच राहा, आराम करा, भरपूर पाणी प्या. तिकिटावर दीड तास छापलेला असला तरी लेहच्या प्रवासाला दोन दिवस आणि दीड तास लागतात.